ट्रेनर तीन बदलले, भुंकणं तेच: पुण्याच्या उपनगरात डॉग ट्रेनर शोधताना नेमकं कुठे अडतं

"पिंपळे सौदागर-वाकडकडे चांगला डॉग ट्रेनर कोण आहे हो?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. आधी मी लगेच नंबर पाठवायचे. आता नाही पाठवत. आधी विचारते, यापूर्वी किती ट्रेनर येऊन गेले? बहुतेकांचं उत्तर एक किंवा दोन असतं, आणि पुढची हकिगतही ठरलेली असते. ट्रेनर समोर असेपर्यंत कुत्रा एकदम शहाणा. तो गेल्यावर पंधरा दिवस, फार तर महिनाभर बरं चालतं, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुन्हा नवा ट्रेनर, पुन्हा आगाऊ पैसे.

आम्हीही या चक्रात दीड वर्ष काढलं. आमची चिंगी गावठी आहे, तांबूस रंगाची, पाच महिन्यांची असताना बाणेरच्या एका बांधकामाजवळून आणलेली. वर्षाची झाली आणि लिफ्टमधल्या माणसांवर भुंकायला लागली. नंतर डिलिव्हरीवाल्यांवर झेप घ्यायला लागली. तीन ट्रेनर झाले, सोसायटीच्या दोन नोटिसा आल्या, आणि चौथ्या वेळी कुठे घडी बसली. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. कोणाचाही नंबर यात नाही. तुमच्याकडे येऊन गेलेला ट्रेनर का टिकला नाही आणि पुढचा कसा पारखायचा, एवढंच आहे.

ट्रेनरच्या आधी डॉक्टर

हे सगळ्यात आधी लिहिते, कारण आम्ही हेच सगळ्यात शेवटी केलं. कुत्र्याचं वागणं अचानक बदललं असेल, म्हणजे आठ-पंधरा दिवसांत चिडका झाला, हात लावला की गुरगुरतो, जिना चढायला नको म्हणतो, झोपेतून उठवलं की दात दाखवतो, तर पहिला फोन ट्रेनरला करायचा नाही.

तिसऱ्या ट्रेनरच्या वेळी चिंगी गळ्यातल्या पट्ट्याला हात लावला की गुरगुरायची. "हट्टी आहे, पट्टा घालून घ्यायची सवय मोडली पाहिजे," असं सांगून त्यांनी पट्टा आणखी घट्ट केला. पुढे लसीसाठी दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी तिचा डावा कान उलटून दाखवला. आत लालभडक, तपकिरी मेण साचलेलं, आणि वास येत होता. पावसाळाभर तिचा कान दुखत होता आणि आम्ही त्याच मानेला रोज हिसके देत होतो. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत गुरगुरणं थांबलं. त्यात ट्रेनिंगचा काडीचाही संबंध नव्हता. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत रडले, आणि ते आठवलं की अजूनही वाईट वाटतं.

कान, दात, सांधे, पोट हे सगळं तपासून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर गोचिडांमुळे होणारा ताप खूप दिसतो. त्यात कुत्रा मलूल होतो, खात नाही, आणि अंगाला हात लावू देत नाही. रक्त तपासल्याशिवाय तो कळत नाही. मोठ्या जातींमध्ये, म्हणजे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डमध्ये, खुब्याच्या सांध्याचं दुखणं बऱ्याचदा असतं आणि ते "बस म्हटलं की बसत नाही" अशा तक्रारीतून बाहेर येतं. बसताना दुखतं म्हणून तो बसत नाही, आणि आपण त्याला हट्टी ठरवतो.

भुंकणं तेच, कारणं वेगळी

"भुंकतो" म्हणजे "घरात पाणी येतं" म्हणण्यासारखं आहे. नळ गळतोय, पाइप फुटलाय की गच्ची झिरपतेय, हे पाहिल्याशिवाय प्लंबरही हात घालत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र लोक फोनवर "भुंकतो" सांगतात आणि समोरचा म्हणतो, "तीन महिन्यांत बंद करतो."

चिंगीचं भुंकणं भीतीचं होतं, हे आम्हाला चौथ्या वेळी कळलं. त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण पुण्यातल्या निम्म्या फ्लॅटमध्ये हेच चाललेलं असतं. बेल वाजते. अनोळखी माणूस दारात येतो. कुत्रा घाबरून भुंकतो. माणूस पार्सल देतो आणि निघून जातो. तो कसाही जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबाने भुंकल्यामुळे गेला. दिवसातून चार-पाच पार्सलं येणाऱ्या घरात हा धडा महिन्याला सव्वाशे-दीडशे वेळा गिरवला जातो. ट्रेनर आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास येऊन त्याला पार्किंगमध्ये बसायला-उठायला शिकवतो. पारडं कोणाचं जड होणार?

दुसरा प्रकार मागणीचा. आपण जेवायला बसलो की भुंकतो, मोबाइल हातात घेतला की भुंकतो. इथे दुर्लक्ष करा असं सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. जे भुंकणं आजवर फळाला येत होतं ते अचानक निष्फळ झालं, की काही दिवस ते आधी वाढतं. चांगलंच वाढतं. नेमक्या याच दिवसांत घरातलं कोणीतरी वैतागून पोळीचा तुकडा टाकतं. मग कुत्रा शिकतो की थोडं भुंकून भागत नाही, जास्त वेळ भुंकायचं. दोष ट्रेनरच्या माथी जातो.

तिसरं कारण निव्वळ कंटाळा. घरचे सगळे हिंजवडीला ऑफिसात, कुत्रा दहा तास बाल्कनीत. त्याला ट्रेनरची गरज नसते. सकाळी तासभर चालणं, हुंगायला मोकळा वेळ आणि दुपारी घरात कोणीतरी येऊन जाणं एवढं मिळालं तरी पुष्कळ फरक पडतो. एकटं राहिल्यावर दार ओरबाडणं, लाळ गाळणं, घरात घाण करणं हे मात्र कंटाळ्याचं नाही. ती एकटेपणाची भीती असते आणि तिच्यावर डॉक्टर आणि ट्रेनर दोघांनी मिळून काम करावं लागतं.

तर ट्रेनरला फोन करायच्या आधी आठवडाभर साध्या वहीत लिहा: किती वाजता, कुठे, समोर कोण, किती लांब, किती वेळ. आणि मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ काढा. आमच्या वहीत एक गोष्ट ठळक निघाली. चिंगी पायऱ्यांवर कोणावरच भुंकत नव्हती. लिफ्टचं दार उघडताना भुंकायची, आणि तीही दार उघडायच्या आधी, "टिंग" आवाजालाच.

"ट्रेनर" ही पाटी कोणीही लावू शकतो

जनावरांच्या डॉक्टरला भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार नोंदणी करावी लागते. कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला आपल्या देशात असा कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. आज फिरवायला येणारा मुलगा उद्या ट्रेनर म्हणून कार्ड छापू शकतो. त्यात काही जण मनापासून शिकलेले आणि फार चांगले निघतात, हेही मी पाहिलंय. पण पारख करायची जबाबदारी पूर्णपणे आपल्यावर येते.

परदेशी संस्थांच्या परीक्षा दिलेले ट्रेनर आता पुण्यातही भेटतात. प्रमाणपत्र असेल तर कोणत्या संस्थेचं, अभ्यासक्रम किती महिन्यांचा, प्रत्यक्ष कुत्र्यांवर काम होतं का, हे विचारा. दोन दिवसांच्या ऑनलाइन वर्गाचंही छान रंगीत प्रमाणपत्र मिळतं.

"आर्मीत होतो", "पोलीस डॉग स्क्वॉडचे आहोत" हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. आमचा पहिला ट्रेनर याच भरवशावर ठरवला होता. सैन्याचे श्वान मेरठच्या आरव्हीसी (रिमाउंट व्हेटर्नरी कोअर, सैन्याची प्राणी विभाग शाखा) केंद्रात तयार होतात, सीमा सुरक्षा दलाचं केंद्र ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला आहे, आणि तिथल्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण ते काम स्फोटकं हुंगायचं, माग काढायचं. त्यासाठी निवडून घेतलेला कुत्रा, त्याच्यासोबत दिवसभर राहणारा एकच हँडलर. आपल्याकडे घाबरलेली चिंगी, सातवीतला मुलगा, गुडघे दुखणाऱ्या आई आणि बारा मजल्यांची लिफ्ट. या दुसऱ्या प्रकारचं काम त्या माणसाने किती केलंय, हे विचारायचं.

आमच्या दुसऱ्या ट्रेनरचा ठेका "अल्फा"चा, म्हणजे कळपाच्या म्होरक्याचा होता. "तुम्ही घरातले अल्फा नाही, म्हणून ती डोक्यावर बसलीये. आधी तुम्ही जेवा, मग तिला द्या. दारातून आधी तुम्ही बाहेर पडा. गुरगुरली तर पाठीवर पाडून धरा." ही कल्पना आली कुठून, हे मी नंतर शोधून वाचलं. रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकाने प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची निरीक्षणं १९४७ मध्ये प्रसिद्ध केली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने "अल्फा" शब्द घराघरांत नेला. पण मीच यांनी स्वतःच पुढे रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तिथे गादीसाठी मारामारी करून कोणी अल्फा होत नाही. ज्यांच्यामुळे हा शब्द पसरला त्यांनीच तो मागे घेतला, आणि आपल्याकडे अजून त्याच्या जोरावर घाबरलेल्या कुत्र्यांना जमिनीवर दाबून धरलं जातं. ट्रेनरच्या तोंडून पहिल्या पाच मिनिटांत "अल्फा" ऐकू आलं की मी आता नम्रपणे फोन ठेवते.

फोनवर काय विचारायचं

माझा एक प्रश्न सगळ्यात उपयोगी पडलाय: "कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, आणि चुकलं तर काय करता?" पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर सगळे छान देतात. दुसऱ्या अर्ध्यावर कान ठेवा. "थोडं करेक्शन द्यावं लागतं" असं म्हणाले की करेक्शन म्हणजे नेमकं काय, ते शब्दांत सांगायला लावा. चोक चेनचा (ओढली की गळा आवळणाऱ्या साखळीचा) हिसका, काट्यांची कॉलर, शॉक कॉलर, वर्तमानपत्राची गुंडाळी, यातलं काहीही निघालं तर तिथेच थांबायचं. अमेरिकेतल्या पशुवर्तन तज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की वागणुकीची कुठलीही तक्रार असो, आक्रमकपणाची असली तरी, बक्षिसावर आधारलेल्याच पद्धती वापराव्यात. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे आणि त्याच्या ११व्या कलमात मारहाण, लाथा घालणं, यातना देणं हा गुन्हा आहे. ट्रेनिंगच्या नावाखाली त्याला सूट नाही.

माराने भुंकणं बंद होतं का? होतं, म्हणून तर लोक फसतात. पार्किंगमधला तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. ट्रेनरने साखळीला दोन हिसके दिले आणि समोरून वॉचमन काका गेले तरी चिंगी गप्प. "बघा मॅडम, वीस मिनिटांत." मी खूश झाले होते. नंतर तोच व्हिडिओ चौथ्या ट्रेनर ताईंनी पाहिला आणि आवाज बंद करून मला पुन्हा पाहायला लावला. शेपटी पोटाखाली, कान मागे चिकटलेले, जीभ सारखी नाकावर फिरतेय, नजर जमिनीत, आणि समोर टाकलेलं बिस्किट तसंच पडलेलं. "खाण्यात जीव असलेलं जनावर बिस्किटाकडे बघत नाहीये," त्या म्हणाल्या, "ती शांत झालेली नाही, भीतीने थिजलीये." भीती आत तशीच राहिली होती, फक्त आधी मिळणारी भुंकण्याची सूचना बंद झाली होती. पुढच्याच आठवड्यात ती न भुंकता थेट एका डिलिव्हरीवाल्या दादाच्या पॅन्टला लटकली. सुदैवाने दात लागला नाही. लागला असता तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच रेबीजच्या इंजेक्शनसाठी जाणं आलं, कुत्र्याची लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवणं आलंच.

आणखी काय विचारायचं? "सेशनमध्ये मी हजर राहू का?" याचं उत्तर "राहिलंच पाहिजे" असं यायला हवं. "मालक समोर असला की कुत्रा ऐकत नाही" असं म्हणणाऱ्याला विचारा, मग ट्रेनर गेल्यावर ऐकणार कोणाचं? दुसरं, "शंभर टक्के गॅरंटी" देणाऱ्याला घेऊ नका. जिवंत प्राण्याची गॅरंटी प्रामाणिक माणूस देत नाही. तिसरं, तीन महिन्यांचं पॅकेज आगाऊ भरायचं नाही. एक सेशन ठरवा, त्याचे पैसे द्या, मग पुढचं बघा. आमचे दोन वेळा असे पैसे बुडाले. आणि ट्रेनर स्वतःहून गोळ्या द्यायला लागला तर सरळ नकार द्या. भीतीवर औषधं असतात आणि काही कुत्र्यांना ती लागतातही, पण ती लिहून देणं हे डॉक्टरांचं काम आहे.

शोधायचं कुठे

इंटरनेटवरच्या चांदण्या मोजून काही हाती लागत नाही. लोक अभिप्राय पहिल्या पंधरा दिवसांत लिहितात, जेव्हा सगळंच छान असतं. तुम्हाला हवा तो मालक, ज्याचं ट्रेनिंग संपून वर्ष झालंय. ट्रेनरकडे असे दोन नंबर मागा आणि त्या घरी जाऊन बेल वाजवा. बेल वाजल्यावर काय होतं, ते तुमच्या कानांनी ऐकाल.

मला चौथ्या ताई मिळाल्या त्या बेवारस कुत्री दत्तक देणाऱ्या लोकांकडून. ही मंडळी मोठी झालेली, मार खाल्लेली, बुजलेली कुत्री रोज हाताळतात. कोणाच्या हाताला मऊपणा आहे आणि कोण साखळी ओढतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुसरी चांगली जागा म्हणजे तुमचा नेहमीचा दवाखाना, पण काउंटरवर ठेवलेली कार्डं घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, "तुमचा स्वतःचा कुत्रा असता तर कोणाकडे दिला असता?"

आणि एक दिवस पहाटे साडेसहाला खाली उतरा. कोकणे चौक असो, खराडी असो की कोथरूडची गल्ली, त्या वेळी ट्रेनर लोक कामावर असतात. लांबून बघा. कुत्रा ट्रेनरकडे मान वर करून बघत चाललाय की मान खाली घालून ओढला जातोय? दहा मिनिटांत कळतं.

अंतराचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण आमचा पहिला ट्रेनर त्यावरच तुटला. तो हडपसरहून यायचा. संध्याकाळी सहाला भूमकर चौकात अडकला की सातला पोचायचा, कावलेला, आणि अर्ध्या तासाचं पंधरा मिनिटांत उरकायचा. बहुतेक ट्रेनर दुचाकीवर सकाळी पाच-सहा सोसायट्यांची फेरी करतात. तुमचं घर त्या फेरीत बसतं का, हे विचारा. नदीच्या पलीकडचा नावाजलेला ट्रेनर आठवड्यातून एकदा उशिरा येण्यापेक्षा जवळचा, वेळेवर येणारा, शिकायची तयारी असलेला बरा. चांगला माणूस लांबच राहत असेल तर दोन आठवड्यांतून एक सविस्तर भेट आणि मधे व्हिडिओवर बोलणं, हेही चालतं, कारण रोजचं काम शेवटी आपल्यालाच करायचं असतं.

मुळशी, लोणावळ्याकडच्या फार्महाउसवर महिनाभर ठेवून "तयार करून" देणारेही आहेत. एखाद्याला ते लाभलं असेल. मी सांगणार नाही. कुत्रा जागेशी जोडून शिकतो. फार्महाउसच्या लॉनवर शिकलेलं "थांब" त्याच्या लेखी लॉनवरचंच असतं, ते पाचव्या मजल्यावरच्या लिफ्टपाशी आपोआप येत नाही. शिवाय तिथे बंद दाराआड काय होतं, ते कळायला मार्ग नाही. तरी ठेवायचंच असेल तर न सांगता भेटायला जायची परवानगी आधी लेखी घ्या.

बरोबर चाललेलं सेशन कसं दिसतं

ताई पहिल्या दिवशी आल्या आणि चिंगीला हातसुद्धा लावला नाही. चहा घेतला, वही वाचली, घर फिरून पाहिलं, बेल वाजवून बघितली. मग म्हणाल्या, "चला, लिफ्टपाशी. पट्टा तुम्हीच धरा." गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घालायला लावला.

आमच्या मजल्यावर लिफ्टपासून जिन्याच्या दारापर्यंत वीसेक फूट अंतर आहे. आम्ही त्या टोकाला पायरीवर बसलो. माझ्या मांडीवर डबा, त्यात मीठ न घातलेल्या उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. ताईंनी लिफ्ट बोलावली. "टिंग" झालं आणि त्याच क्षणी मी एक तुकडा दिला. चिंगी भुंको न भुंको, टिंग झालं की तुकडा. दार बंद झालं की डबाही बंद. पहिल्या तीन वेळा ती भुंकली. चौथ्या वेळी अर्धवट "वुफ्" करून तिने डब्याकडे पाहिलं. नवव्या की दहाव्या वेळी टिंग झालं आणि तिने लिफ्टकडे न बघता आधी माझ्याकडे मान वळवली. माझ्या अंगावर काटा आला. ताईंनी तिथेच सेशन संपवलं. एकूण बारा मिनिटं झाली होती. "आज एवढंच. उद्या तुम्ही एकट्या, याच पायरीवरून. एक फूटही पुढे जायचं नाही."

पंधरा फुटांवर यायला आठ दिवस लागले. लिफ्टच्या दारापाशी यायला जवळपास दोन महिने. मधे अनोळखी माणसाऐवजी शेजारच्या काकू, मग वॉचमन काका, मग हातात खोकं घेतलेले वॉचमन काका, असं एकेक पाऊल टाकलं. तोवर चिंगीला लिफ्टने नेलंच नाही, पाच मजले जिन्याने. हे सगळ्यात महत्त्वाचं होतं असं मला आज वाटतं. एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे दिवसातून चार वेळा तेच भुंकणं होऊ द्यायचं, असं केलं की कुठलाही ट्रेनर अपयशी ठरतो. डिलिव्हरीसाठी दारावर कागद लावला, "बेल वाजवू नका, फोन करा", आणि पार्सलं गेटवर ठेवून घ्यायला सुरुवात केली.

चांगल्या ट्रेनरची माझी खूण एवढीच: सेशनमध्ये पट्टा बहुतेक वेळ तुमच्या हातात असतो, अडचण जिथे होते तिथेच काम चालतं, आणि जाताना तो तुम्हाला पुढच्या भेटीपर्यंतचं मोजता येईल असं काम देऊन जातो.

घरातले शब्द

हे पुण्यात हमखास होतं, म्हणून वेगळं लिहिते. ट्रेनर हिंदीत "बैठ" म्हणायचा. मुलगा "सिट" म्हणायचा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, "बस गं खाली" म्हणायच्या. मी तिन्ही. चिंगीला एका कामाचे तीन आवाज ऐकू येत होते, आणि त्यात "बस" हा शब्द आपण "बस झालं", "बस स्टॉप", "बस, एवढंच" असा दिवसभर बोलतच असतो. ताईंनी फ्रिजवर कागद लावायला सांगितला: सहा शब्द, प्रत्येक कामाला एकच, आणि ते आईंनी निवडायचे. कारण दिवसभर घरात त्याच असतात. "टेक" म्हणजे बसायचं, "थांब", "ये", "सोड", "जागेवर", "चल". महिनाभरात आईंचं तिने सगळ्यात जास्त ऐकायला सुरुवात केली. आधी ट्रेनर आला की आई आत जाऊन बसायच्या, कोणी त्यांना विचारायचंही नाही. तुमच्याकडे दिवसभर मावशी किंवा आजी-आजोबा असतील तर ट्रेनर त्यांच्याशी बोलतो का, हे नक्की बघा.

पिल्लू असेल तर

पिल्लू साधारण तीन आठवड्यांपासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जग जसं पाहील तसं ते मनात बसतं. लसींचे डोस मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. म्हणून जमिनीवर न सोडता कडेवर घेऊन त्याला रिक्षा, हेल्मेट घातलेले लोक, लिफ्ट, कुकरची शिट्टी सगळं दाखवायचं. ट्रेनर दहा घरं फिरून येतो आणि पार्व्होचा (पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराचा) विषाणू जमिनीवर, चपलेवर महिनोन्महिने टिकतो. चपला बाहेर, हात साबणाने धुऊन, मगच पिल्लाला हात लावायचा. याचा राग येणारा ट्रेनर नको.

सोसायटीची नोटीस आली असेल तर

पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच रहिवासी संस्थांना कळवलेलं आहे. तो कागद जवळ ठेवा, पण भांडायला जाताना पहिल्यांदा तो काढू नका. महापालिकेचा परवाना, मग ती पुण्याची असो की पिंपरी-चिंचवडची, आणि रेबीज लसीचा दाखला अद्ययावत ठेवा. आम्ही कमिटीला एक पानाचं पत्र दिलं: अडचण काय, काय करतोय, तोवर लिफ्टऐवजी जिना वापरतोय, दोन महिन्यांनी पुन्हा कळवू. त्यानंतर तिसरी नोटीस आली नाही, आणि जे शेजारी तक्रार करत होते त्यांच्यातल्याच एका काकूंनी सरावाला मदत केली.

पुन्हा बिघडलं तर

बिघडतंच. दोन-तीन महिने छान गेले की एखाद्या दिवशी जुनं भुंकणं पुन्हा उसळतं. याचा अर्थ ट्रेनिंग वाया गेलं असा नाही, आणि ट्रेनर बदलायचा असाही नाही. जिथे शेवटचं नीट जमलं होतं त्या अंतरावर मागे जायचं आणि तिथून पुन्हा यायचं. दुसऱ्यांदा वेळ कमी लागतो. ताईंनी शेवटच्या सेशननंतर सहा आठवड्यांनी एक भेट आधीच ठरवून ठेवली होती, ती मला फार आवडली. तुम्हीही तशी मागून घ्या.

काळवेळही बघा. गणपतीच्या महिना-दीड महिना आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, मग विसर्जन, मग दिवाळीचे फटाके. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांच्या आसपास, आणि बारीकसा आवाजही आपल्यापेक्षा खूप लांबून. घाबरट कुत्र्याचं नवं शिक्षण या काळात सुरू करू नका, जमलेलं तेवढं सांभाळा. फटाक्यांना फारच घाबरत असेल तर डॉक्टरांकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी धावू नका, महिनाभर आधी जा. एप्रिल-मेमध्ये सेशन सकाळी आठच्या आत संपवा. डांबरावर हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला भाजलं तर त्यालाही भाजतं.

गेल्या गुरुवारी आम्ही लिफ्टमध्ये होतो. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं, समोर पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर घेतलेला दादा. चिंगीचे कान उभे राहिले, शेपटी ताठ झाली, आणि तिने वळून माझ्याकडे पाहिलं. माझा डबा घरी राहिला होता. खिशात मुलाच्या शाळेच्या डब्यातला पोळीचा तुकडा सापडला, तो दिला. "मी पुढच्या लिफ्टने येतो ताई," दादा म्हणाला. "नाही, या तुम्ही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी तिथेच उतरून उरलेले मजले जिन्याने गेलो.